निदान एक

निशांतने माझी वही परत आणून दिली तेव्हा सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. वेळ इतकी नेमकी सांगतो, कारण त्यानंतरची चाळीस मिनिटं मी घड्याळाशिवाय दुसरं काही पाहिलं नाही.

निशांत माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. अलार्म, सायरन, गेटच्या मोटारी बसवायची कामं करतो. शाळा सगळी हिंदीत झाली, घरात मराठी बोलतो, पण त्या मराठीत किती मराठी उरलंय हे विचारू नये. मी श्रीकृष्ण पुरंदरे, इंदूरच्या एका पॉलिटेक्निकमध्ये एकतीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालो. वर्गात मी हिंदी-इंग्रजीत शिकवायचो, पण माझ्या नोट्स मात्र मराठीत. तो माझा हट्ट होता. बायको होती तेव्हा म्हणायची, "अहो, या पोरांना काय कळणार? सरळ हिंदीत लिहा की." मी म्हणायचो, ज्याला कळायचं त्याला कळेल. लोकांच्या मराठीतल्या चुका काढण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आणि खरं सांगायचं तर मजेत गेलं.

"मामा, ही घ्या तुमची वही वापस," निशांत म्हणाला. "बेस्ट नोट्स आहेत यार. कोल्ड स्टोरेजवाला काम तर पूरा यातूनच केला मी."

हे काम मला माहीत होतं. सांवेर रोडवर वाटाणे गोठवून ठेवणारं एक कोल्ड स्टोरेज आहे, माझी मुलगी अमिता तिथे क्वालिटी बघते. गोठवणखोलीत कोणी अडकलं तर आतलं बटण दाबायचं आणि बाहेर भोंगा वाजायचा, असा अलार्म त्यांना हवा होता. अमितानेच निशांतचं नाव सुचवलं होतं. त्याने मे महिन्यात तो बसवला, आणि आता ऑक्टोबर संपत आला तेव्हा वही परत करायची त्याला आठवण झाली.

"कुठलं सर्किट घेतलंस?" मी विचारलं. शिक्षकाची सवय जात नाही.

त्याने पान उघडलं. एका ट्रान्झिस्टरचा ऑसिलेटर, मीच काढलेली आकृती, आणि खाली माझ्या अक्षरात दोनदा अधोरेखित केलेली ओळ. *लूप गेन : निदान १.*

"हे बघा. तुम्ही डायरेक्ट आन्सरच लिहून ठेवला, तर टेन्शनच खतम. मी प्रीसेटचा स्क्रू फिरवत फिरवत गेन एकदम एकवर आणला. बरोब्बर एक. वेव्ह इतकी साफ की काय सांगू, मामा. जरा वाढवला की फाटायची."

"आन्सर?" मी म्हणालो. "कुठे लिहिलंय आन्सर?"

"हे काय, निदान. समस्या का निदान. निदान एक."

मला आधी हसू आलं. आमच्या वाचनालयात सांगायला छान किस्सा मिळाला, असंही मनात आलं. मराठीतलं हे निदान म्हणजे कमीत कमी. हिंदीत निदान म्हणजे तोडगा, उत्तर. मी लिहिलं होतं कमीत कमी एक, आणि या पठ्ठ्याने वाचलं होतं उत्तर एक. मग हसू जागच्या जागी विरलं.

ज्यांनी हे कधी शिकलं नाही त्यांना दोन शब्दांत सांगतो. माईक स्पीकरसमोर धरला की तो कुई करून किंचाळतो, ते सगळ्यांनी ऐकलेलं असतं. स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून येतो, पुन्हा माईकमध्ये जातो. ऑसिलेटर म्हणजे तेच, फक्त मुद्दाम केलेलं. एका फेरीत आवाज किती पटीने परत येतो, त्याला लूप गेन म्हणायचं. परत येताना ताल जुळायला हवा, आणि आला तो गेला त्याच्याइतका तरी हवा. एकाच्या खाली गेला की आवाज मरतो. आणि मुळात शांततेतून आवाज उठवायचा असेल तर एक पुरत नाही, एकाहून चांगला जास्त लागतो. थांबलेला झोका हलवायला चालत्या झोक्यापेक्षा जोर जास्त लागतो, तसं. वर्गात मी हे तोंडी सांगायचो. दुप्पट ठेवा, तिप्पट ठेवा म्हणायचो. वहीत मात्र लिहिलं नव्हतं.

आणि ट्रान्झिस्टर थंडीत सुस्तावतो. उकाड्यात एक असलेला गेन उणे अठरा डिग्रीला एक राहत नाही.

"टेस्ट कुठे घेतलीस?"

"तिथेच, चेंबरच्या आत. बोर्ड बटनच्याच डब्यात आहे ना."

"तेव्हा चेंबर थंड होतं?"

"नाही मामा, तेव्हा मेंटेनन्स चालू होता. सगळा बंद. आत पण उकडत होतं."

"आणि नंतर?"

"नंतर ते लोक दर सोमवारी करतात ना, बाहेरच्या पॅनलवर टेस्ट बटन आहे. दाबलं की हूटर वाजतो, हरी बत्ती येते."

"ते टेस्टचं बटण तुझ्या बोर्डातून जातं, की सरळ भोंग्याला?"

निशांतने वही हळूच मिटली. त्याच्या चेहऱ्यावरूनच मला उत्तर कळलं. सरळ भोंग्याला. पाच महिने ते लोक दर सोमवारी भोंगा तपासत होते. आतलं बटण कोणी तपासलंच नव्हतं.

अमिता रोज अकरा वाजता त्या खोलीत जाते. तीन कप्प्यांतून तीन पाकिटं नमुन्याला काढते आणि पंधरा मिनिटांत बाहेर येते. बाहेर आली की मला फोनवर दोन शब्द पाठवते, "बाहेर आले". एक्केचाळीस वर्षांच्या बाईने बापाला रोज असं कळवावं हा माझाच आग्रह. ती हसते, पण पाठवते. पूर्वी ती आत असताना बाळकृष्ण नावाचा एक माणूस दार धरून उभा राहायचा. अलार्म बसला तेव्हा त्याला पॅकिंगमध्ये टाकलं, आता अलार्म आहे, माणूस कशाला, म्हणून. आणि गेल्याच आठवड्यात जेवताना अमिता म्हणाली होती, "बाबा, चेंबरच्या दाराची आतली मूठ फार ढिली झालीय, मी लिहून दिलंय." मी भात कालवत म्हणालो होतो, "अलार्म आहे ना."

हे माझे शब्द. दुसऱ्या कोणाचे नाहीत.

अकरा वीस झाले. फोन समोर ठेवला होता. एकवीस. मी तिला फोन लावला. आपण ज्यांना संपर्क करत आहात ते वगैरे. आत असली की नेहमीच लागत नाही, जाड भिंती आहेत, हे मला ठाऊक होतं. पण आज तेच ऐकून मी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. बावीस. तेवीस.

"निशांत, गाडी काढ," मी म्हणालो.

"मामा, पण ताई तर..."

"गाडी काढ म्हणतो ना."

छत्रीबागेच्या गल्लीतून त्याची स्कूटर निघाली. मी मागे बसून कोल्ड स्टोरेजच्या गेटवर फोन लावला. गेटवर देवांश नावाचा मुलगा असतो, तो मला चांगला ओळखतो. कारण मी त्याला महिन्यातून चारदा फोन करतो. मॅडमने डबा खाल्ला का, मॅडम निघाल्या का, मॅडमचा फोन का लागत नाही.

"जी अंकलजी," तो म्हणाला. "आज क्या भूल गईं मैडम? चश्मा?"

"देवांश, मॅडम चेंबर में फँसी हैं. जाके दरवाजा खोलो. अभी."

"आपको किसने बोला?"

मला कोणी सांगितलं होतं? एका शब्दाने.

"अंकलजी, टेंशन मत लो आप," देवांश समजुतीने म्हणाला. "अलार्म नहीं बजा है. बजता तो हम सब दौड़ते. मेरे सामने पैनल है, हरी बत्ती जल रही है. मैडम लैब में होंगी."

"अलार्म खराब है."

"सोमवार को ही तो चेक किया. अच्छा, गेट पे गाड़ी लगी है, खाली हो जाए तो देख लेता हूँ." फोन बंद झाला. पुन्हा लावला तर उचलला नाही. आणखी दोनदा लावला, नाही उचलला. इतक्या वर्षांत इतके फुकटचे फोन केले होते, की खऱ्या फोनला किंमत उरली नव्हती. मी स्वतःला शिव्या दिल्या, मग देवांशला दिल्या, मग निशांतला द्यायला सुरुवात केली.

"गाढवा, पाच महिन्यांत एकदा, एकदा तरी आत जाऊन बटण दाबावं असं वाटलं नाही तुला? अडाणी आहेस तू. साफ वेव्ह म्हणे. तुझ्या ताईला काय गाणं ऐकायचं होतं?"

निशांत उलटून बोलणारा पोरगा आहे. त्या दिवशी एक अक्षर बोलला नाही. स्कूटर तेवढी पळवत राहिला.

मरीमातेच्या चौकात सिग्नल लागला. नव्वद सेकंद. लाल आकडे एकेक करून उतरत होते आणि मी मनात हिशेब करत होतो. अकराला आत गेली. आता अकरा एकतीस. जाकीट आहे, टोपी आहे, हातमोजे आहेत. ते सगळं पंधरा मिनिटांसाठी. अर्ध्या तासाने काय होतं? पायाची बोटं आधी. मग माणसाला झोप येते असं कुठेतरी वाचलं होतं. ती झोपली तर? मग मी स्वतःला बजावलं, म्हाताऱ्या, ती लॅबमध्ये बसली असेल, फोन बॅगेत असेल. हा विचार जेमतेम दहा सेकंद टिकायचा आणि भीती फेरी मारून परत यायची, आणि परत येताना आधीपेक्षा मोठी होऊन यायची. जन्मभर फळ्यावर जे शिकवलं ते माझ्याच छातीत चाललं होतं. बाणगंगेच्या पुढे मी मोठ्याने देवाचं नाव घेतलं. गेल्या कित्येक वर्षांत घेतलं नव्हतं.

कोल्ड स्टोरेजच्या गेटवर ट्रक आडवा लावलेला होता. मी स्कूटर थांबायच्या आत उतरलो आणि ट्रकच्या कडेने घुसलो. देवांश "अंकलजी, अंकलजी" करत मागे आला. लॅबचं दार उघडं होतं. आत टेबलावर अमिताचा डबा, चष्म्याची केस, तीन नमुन्यांसाठी तीन रिकाम्या थाळ्या. थाळ्या रिकाम्या होत्या.

मी चेंबरकडे बोट केलं. निशांत माझ्या आधीच तिकडे पळत होता.

चेंबरच्या बाहेर कॉम्प्रेसरची घरघर चालू होती. भिंतीवर भोंगा होता, लाल रंगाचा, नवा कोरा, गप्प. त्याच्याखाली पॅनलवर हिरवा दिवा. सगळं ठीक आहे म्हणून सांगत होता. निशांतने दाराचा दांडा दोन्ही हातांनी ओढला. दार सुटलं आणि पांढरी वाफ आमच्या पायांवर आली.

अमिता दाराला लागूनच उकिडवी बसली होती. डोकं भिंतीला टेकलेलं. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. आतल्या मुठीचा तुकडा तिच्या पायापाशी पडला होता. उजवा हात वर होता, हातमोजा काढलेला, आणि अंगठा बटणावर. जाड हातमोज्याने ते लहान बटण नीट दाबलं जात नव्हतं म्हणून तिने तो काढला होता. तिने आमच्याकडे पाहिलं, पण अंगठा काढला नाही. काढता येत नव्हता, गोठून चिकटला होता.

"अमू," मी म्हणालो. "सोड आता. आलोय आम्ही."

निशांतने बाटलीतलं पाणी थोडं थोडं ओतून तिचा अंगठा सोडवला. आम्ही तिला उचलून उन्हात आणलं. बाळकृष्ण पॅकिंगमधून धावत आला आणि त्याने आपली गोधडी तिच्याभोवती गुंडाळली. देवांश दाराशी उभा राहून म्हणत होता, "अलार्म तो बजा ही नहीं, अंकलजी, कसम से, बजा ही नहीं."

निशांत परत आत गेला होता. दार उघडंच होतं. मला तो दिसत होता, त्या डब्यापुढे उभा. त्याने बटण दाबलं आणि दाबून धरलं. मग मान वळवून भोंग्याकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. कॉम्प्रेसर घरघरत होता. बाकी काही नाही. बराच वेळ त्याने अंगठा उचलला नाही.

दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हात कोमट पाण्यात ठेवला, सुया टोचल्या, पट्ट्या बांधल्या. जिवाला धोका नाही म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. अंगठ्याचं टोक राहील की जाईल ते आठवड्याने कळेल असं म्हणाले. निशांत कॉटच्या पायथ्याशी उभा होता. बस म्हटलं तरी बसत नव्हता.

दुपारी दोनच्या सुमाराला अमिताचे दात वाजायचे थांबले आणि ती बोलायला लागली.

"बाबा, किती वेळ वाजत होता?"

मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"मूठ हातात आली तशी मी आधी दार बडवलं," ती म्हणाली. "खूप बडवलं, ओरडले पण. मग लक्षात आलं, अरे, बटण आहे. दाबलं आणि शांत झाले एकदम. वाटलं, आता बाहेर जोरात वाजत असेल, दोन मिनिटांत दार उघडेल. म्हणून मग ओरडले नाही, बडवलं नाही. कशाला उगाच दमायचं." ती थांबली. "आतून ऐकू येत नाही ना, बाबा. आत काहीच कळत नाही. मी दाबून बसले. कोणी येईना. मला वाटलं, सगळे ऐकताहेत. देवांश ऐकतोय, बाळकृष्ण ऐकतोय, लॅबवाले ऐकताहेत. आणि कोणीच येत नाहीये. इतकं कसं कोणी येत नाही? थंडीपेक्षा त्याचीच भीती जास्त वाटली."

तिने डाव्या हाताने माझा हात धरला.

"निदान तुम्ही तरी आलात."

निशांतने मान वर केली. आधी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"मामा," तो हळू आवाजात म्हणाला, "ताई बोलली ते निदान... त्याचा मतलब काय?"

गाडीवर मी त्याला गाढव म्हटलं होतं, अडाणी म्हटलं होतं. हे एवढंच सांगितलं नव्हतं. आता खोटं बोलायची सोय नव्हती. दोघंही माझ्याकडे बघत होते.

"कमीत कमी," मी म्हणालो. "मी लिहिलं होतं, कमीत कमी एक. आणि ते पण अपुरंच होतं. एकाहून जास्त, असं लिहायला हवं होतं, तुला कळेल अशा भाषेत. चूक तुझी नाही रे. माझी वही आहे ती."

निशांत भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला.

"कसली वही?" अमिता म्हणाली. "काय चाललंय तुमचं?"

मी तिचा हात घट्ट धरला. आयुष्यात कोणाची क्षमा मागायची सवय नाही, त्यामुळे शब्द सापडेनात. शेवटी जे होतं तेच सांगितलं.

"अमू, भोंगा वाजलाच नाही. एकदाही नाही. माझ्या नोट्समुळे वाजला नाही. तू दाबत होतीस आणि बाहेर काहीच नव्हतं."

ती चिडेल, हात काढून घेईल, अशी माझी तयारी होती. तसं व्हायला हवं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

"वाजलाच नाही?"

"नाही."

"म्हणजे ऐकून कोणी गप्प बसलं नव्हतं," ती म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा रडायला लागली.